पंचशील टेकडीचं पाळणाघर

शकुंतला ओव्हाळ वॉर्ड ऑफिसात समाज विकास अधिकारी होती. बचत गट बांधणं, शिलाई यंत्रांचे अर्ज तपासणं, मेळावे भरवणं हे तिचं काम. ऑफिसात ती ओव्हाळ मॅडम आणि घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्त्यांमध्ये शकुताई.

त्या वर्षी वॉर्ड ऑफिसरांनी सगळ्या खात्यांना बोलावलं आणि गरीब घरांतल्या मुलांसाठी वॉर्डाचा एक आराखडा करायला सांगितला. शिक्षण, आरोग्य, पाणी, बांधकाम, सगळ्यांचा मिळून एकच. तो जुळवायचं काम शकुकडे आलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि आपापली नेहमीचीच कामं लिहून पाठवली. शिक्षण खात्याने दप्तरं लिहिली, आरोग्य खात्याने जंताच्या गोळ्या, बांधकामाने गटारावरची झाकणं. शकुने स्वतः शिलाई यंत्रं लिहिली होती. सगळं एकत्र वाचताना तिला वाटलं, हे तर आपण मुलं डोळ्यांसमोर नसतानाही लिहिलं असतं.

म्हणून तिने सुरुवातीला एकच वस्ती घेतली, पंचशील टेकडी. तिथल्या बुद्धविहारात सकाळी अकराला सभा ठेवली. म्हाताऱ्या बायका आल्या आणि पक्षाचे दोन कार्यकर्ते आले. ज्यांच्याशी बोलायचं होतं त्या आया कामावर गेल्या होत्या. शकुने सभा रविवारी संध्याकाळी घेतली, तेव्हा विहार भरला. कोणी नळ मागितला, कोणी पायऱ्यांवर दिवे. दाराशी एक मुलगी लहान भावाला कडेवर घेऊन उभी होती. तिचं नाव प्रियंका. शाळेत जातेस का, असं शकुने विचारलं.

"जाते ना. आईला सुट्टी असली की जाते," ती म्हणाली.

तिची आई श्वेता पवईच्या एका ऑफिसात हाउसकीपिंगला होती. वडील प्रीतम जुहूच्या हॉटेलात भांडी घासायचे, ते पहाटेच बाहेर पडत. अंगणवाडीत तीन वर्षांखालचं मूल दिवसभर ठेवून घेत नसत आणि दुपारी ती बंदच होई. श्वेता मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, मला कळत नाही असं नाही. पण ह्याला ठेवू कोणाकडे? खाडे झाले की सुपरवायझर दुसरी बाई बघतो."

घरी जाताना शकुला स्वतःचं लहानपण आठवत राहिलं. तिची थोरली बहीण सुगंधा चौथीतून घरी बसली होती, ती शकुला सांभाळायला. आई धुणीभांडी करायची, वडील बिगारी. या गोष्टीवर दोघी बहिणी कधी बोलल्या नव्हत्या. पुढच्या सुट्टीला शकु बदलापूरला तिच्याकडे गेली. तेव्हा तुला काय मिळालं असतं तर तू शिकली असतीस, असं तिने सरळ विचारलं. सुगंधा मेथी निवडत होती. तिने जरा विचार केला.

"मला काही नको होतं गं. तुला संध्याकाळपर्यंत धरायला कोणीतरी पाहिजे होतं. शाळा तर समोरच होती."

शकुच्या डोळ्यांत पाणी आलं. सुगंधाने तिच्यापुढे मेथीची दुसरी जुडी सरकवली आणि दोघी निवडत बसल्या.

त्यानंतर आराखडा बदलला. टेकडीच्या पायथ्याला पालिकेची शाळा होती. पट घटल्यामुळे तिच्या तळमजल्यावरच्या खोल्या मोडक्या बाकांनी भरून पडल्या होत्या. तिथे आया परत येईपर्यंत चालणारं पाळणाघर काढायचं, बचत गटाच्या बायकांना शिकवून ते चालवायला द्यायचं, आणि आरोग्य केंद्राच्या नर्सने मुलांना तिथेच येऊन तपासायचं, असं शकुने मांडलं. मुख्याध्यापिका माधुरी सावंत यांनी साफ नकार दिला.

"उद्या एखादं पोर जिन्यावरून पडलं तर चौकशी माझी लागेल, तुमची नाही," त्या म्हणाल्या.

शकुला त्यांचं म्हणणं खोटं वाटलं नाही. ती बांधकाम खात्यातल्या हर्षदला घेऊन पुन्हा शाळेत गेली. हर्षद आधी कुरकुरला, पण तिथे पोचल्यावर भिंती ठोकून बघू लागला. गल्लीच्या बाजूने वेगळा दरवाजा काढता येईल, जिन्याला जाळी बसेल, लहान मुलांपुरता संडासही होईल, असं त्याने सांगितलं. माधुरीबाईंनी त्यांना मागची मोरीही दाखवली, तिथे पाणी तुंबायचं. बायकांचं प्रशिक्षण मी स्वतः बघणार, अशी अट त्यांनी घातली. म्हणजे त्या तयार झाल्या होत्या.

भिंत फोडून दरवाजा काढून झाला, बायकांचं प्रशिक्षणही आटोपलं आणि वॉर्ड ऑफिसरांची बदली झाली. नवे साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. शकु त्या दिवशी फार खचली. टेकडीवर जाऊन तिने बायकांना खरं ते सांगून टाकलं. दोन दिवसांनी श्वेता खाडा करून, शेजारणींना घेऊन वॉर्ड ऑफिसात हजर झाली.

"साहेब, खोली आहे, बायका शिकून तयार आहेत, दरवाजापण काढलाय. तुम्ही एकदा येऊन तर बघा ना," ती म्हणाली.

साहेब आले. खोल्या पाहिल्या, माधुरीबाईंशी बोलले आणि जूनमध्ये सुरू करा म्हणाले. मात्र सगळ्या खात्यांची बैठक दर महिन्याला याच शाळेत होईल, असं त्यांनी ठरवून टाकलं.

पहिला आठवडा रडारडीचा गेला. खाऊ उशिरा यायचा, एक बाई काम सोडून गेली. मग हळूहळू बस्तान बसलं. प्रियंका रोज शाळेत जाऊ लागली. गणितात ती फार मागे पडली होती, म्हणून माधुरीबाई तिला आणि तिच्यासारख्या काही मुलींना शाळा सुटल्यावर बसवून घेत. श्वेताच्या नोकरीतले खाडे थांबले. सगळंच जमलं असं नाही. शाळा सोडून कारखान्यात कामाला लागलेली वस्तीतली काही मुलं शाळेत परतली नाहीत, त्यांच्या घरी शकु अजून जाते. पलीकडच्या टेकडीला तर रिकामी शाळाच नाही, तिथे जागेचा शोध चालू आहे.

दुसऱ्या वर्षीच्या आराखड्याची बैठक शाळेतच भरली आणि या वेळी मुलंही बसली. त्यांना टेकडीवर पाण्याचा टँकर उभा राहतो ती जागा खेळायला हवी होती. पाणी खात्याचे साहेब म्हणाले, टँकर मग लावायचा कुठे? प्रियंका उठून उभी राहिली.

"सर, टँकर सकाळीच येऊन जातो. संध्याकाळी तिथे नुसत्या रिक्षा असतात."

साहेबांनी हर्षदकडे पाहिलं. हर्षद म्हणाला, चला, आधी जागा तर मोजू. बैठक तशीच उठली आणि मुलांच्या मागोमाग टेकडी चढू लागली.