मामाच्या कोनाड्यातला शेवटचा डोस

यमाला बाटली दाखवून दारातून परत पाठवणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि तो माझा सख्खा मामा होता. आसेगावात त्याला शिंक आली की शिवारातले नांगर थांबत, हे मी शपथेवर सांगतो. पण औषधाच्या बाबतीत हा धिप्पाड माणूस फार जपून असे. दवाखान्याच्या लाल औषधाच्या बाटलीवर डोसांचे काप पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. मामा सगळे डोस निमूट घ्यायचा, शेवटचा तेवढा ठेवून द्यायचा आणि बाटली कोनाड्यात. पडशावरचा एक डोस तिथं सात वर्षं होता. त्याच्या वासानं घुशी घर सोडून शेजाऱ्याकडे राहायला गेल्या. विचारलं तर म्हणे, "भाचेबुवा, तो येते, बाटली पाह्यते. औषध उरलं दिसलं का म्हणते, याचं अजून बाकी हाये, मंग येऊ."

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली गावानं मामाला हसणं सोडलं आणि त्याचं ऐकलं. घरोघरी कोनाड्यात एकेक बाटली, तळाशी बोटभर लाल. भरदुपारी रस्त्यावर कुत्रं नसे. उघड्या दारांतून त्या बाटल्या तेवढ्या आपल्याकडे बघत.

मग मामी पडली. मंगरुळपीरच्या दवाखान्यातलं औषध संपलेलं. मामा दारोदार फिरला. ज्यांना त्यानंच शिकवलं होतं ते कोनाड्याला पाठ लावून, मान खाली घालून उभे राहिले. तो परत आला, आपली बाटली काढली आणि मामीच्या तोंडात रिकामी केली. मग तिच्याच करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवून बाटलीत तेवढंच लाल पुन्हा भरलं.

दुसऱ्या दिवशी टळटळीत उन्हात दारात एक माणूस उभा राहिला. पांढरं धोतर, तोंडावर फडकं. मी ओट्यावरच होतो. त्याची सावली काही मला दिसली नाही. त्यानं विचारलं, "किती उरलं?"

मामाला येत असलेली शिंक जागीच थिजली. "एक डोस," तो म्हणाला.

माणसानं बाटली उन्हाकडे धरली, हलवली, परत ठेवली. "ठीक. मंग येतो."

औषधं तपासणारा सरकारी माणूस असेल म्हणून मी मंगरुळपीरला चौकशी केली. तिथून कोणाला पाठवलंच नव्हतं.

मामी उठून बसली. मामा पुढं वीस वर्षं जगला, आणि रोज ते पाणी बदलत राहिला. शिरपूरला माझ्या लग्नात आला तो बाटली पागोट्यात बांधून; अक्षता एका हातानं टाकल्या, दुसरा डोक्यावर. का, ते त्यानं मामीला कधी सांगितलं नाही. उगाच भिईल म्हणायचा.

गेल्या चैत्रात तो झोपेतच गेला. मी पोचलो तेव्हा मामी कोनाड्यापाशी बसली होती. दुपारी मामाचा डोळा लागला असताना कोणीतरी आलं होतं म्हणाली, तोंडावर फडकं बांधलेलं. किती उरलं म्हणून विचारत होतं.

"मंग तू काय सांगतलं?"

"जे होतं ते सांगतलं, बाबू. म्हटलं, हे तं कुंकवाचं पाणी हाये. औषध यायनं कवाच मले पाजून टाकलं."

मी निघताना बाटली मागून घेतली. आता ती माझ्या कोनाड्यात आहे. कुंकू मामीनंच घालून दिलं, सगळा करंडा उपडा करून. तिला आता ते लागणार नव्हतं.