क, ट, र आणि टिंबांची माणसं

टाइपरायटर उलटा करून झटकला की खोडरबराचा एवढा चुरा पडतो की आपल्यालाच लाज वाटते. आमच्या क्लासच्या किश्श्यांचंही तसंच. रोज थोडं थोडं सांडत असतं, लक्षात येत नाही. एक दिवस सहज झटकायला बसावं तर हा ढीग!

क्लास रविवार कारंज्याजवळ, एका कापड दुकानाच्या माडीवर. मी बी.ए. होऊन तिथे मराठी टायपिंग शिकायला गेले. शेजारच्या मशीनवर मंगल. ती चांदवडची, नाशकात मावशीकडे राहायची. आणि समोर टेबलाशी सर. सर म्हणजे काळा कोट, हातात लाकडी पट्टी आणि तोंडात कायम "नाही".

कुठल्याशा मासिकात इंग्रजी अक्षरं टाइप करून काढलेला एका बाईचा चेहरा छापून आला होता. मी तो सरांना दाखवला.

"ही इंग्रजी मशीनची कामं," सर म्हणाले. "मराठीत नाही व्हायचं."

"का नाही व्हायचं?"

"आजवर कोणी केलंय का?"

या प्रश्नाइतकी चीड मला कशाचीच येत नाही. कोणी केलं नाही म्हणूनच तर करायचं ना!

त्याच आठवड्यात मी एका बाईच्या फोटोवर बारीक चौकटी आखल्या. एका चौकटीला एक अक्षर. काळ्या जागी क, त्याहून फिकट तिथे ट, मग र, आणि उजेड असेल तिथे नुसतं टिंब. कागद हातात धरला तर सगळा कचरा. मंगलने तो जिन्यापाशी नेऊन लांबून धरला आणि किंचाळली, "अगं, ही तर बाई हाय!"

आणि गंमत सांगू? मराठी अक्षरांना वरची रेघ असते, ती एकमेकींना जोडली जाते. त्यामुळे इंग्रजीतल्या बाईचे केस तुटक तुटक आणि आमच्या बाईचे सलग, तेल लावून चापून बसवल्यासारखे!

* * *

चित्र घरी नेलं. आत्या आली होती. तिने चष्मा लावला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागली. "क क क ट ट र..."

"आत्या, ते वाचायचं नाही, बघायचं."

"बघू काय? अक्षरं आहेत ना?"

"हो, पण लांबून बघ. चेहरा दिसतो."

"लांबून मला काहीच दिसत नाही." आत्याने कागद परत दिला आणि आप्पांकडे, म्हणजे माझ्या वडिलांकडे वळली. "एवढी शिकवलीस पोरीला, आणि अजून बाराखडीच गिरवतेय!"

* * *

मराठी मशीनवर अनुस्वाराची किल्ली दाबली की कागद पुढे सरकत नाही. पुढच्या अक्षराची वाट बघत तिथेच थांबतो. बाकीच्यांना ही कटकट वाटायची. मला सोनं सापडलं. एकाच जागी हवं तेवढं काळं करता येत होतं!

मग मी फोटोतल्या एका आजोबांचा डोळा घेतला. बाहुली काळी व्हायला हवी म्हणून टिंबावर टिंब, टिंबावर टिंब मारत राहिले. आजोबांची नजर इतकी करडी झाली की मलाच भीती वाटली. तरी आणखी एक मारलं.

कागदाला आरपार भोक! आजोबांचा डोळा निखळून मशीनमध्ये पडला आणि किल्ल्यांच्या दांड्या एकमेकींत अडकल्या.

सर धावत आले. आधी त्यांनी रिबन बघितली, मग रोलरवरचा खड्डा आणि शेवटी माझं तोंड. "हा टायपिंग क्लास आहे. यापुढे एक जरी चित्र दिसलं, तर तुझं नाव काढून टाकणार!"

ही धमकी साधी नव्हती. आप्पांशी माझा करार होता. परीक्षा पास झाले तर नोकरी, नाहीतर दिवाळीनंतर लग्न. घरी मशीन नव्हतं. क्लासमधून नाव गेलं की परीक्षा गेली, आणि परीक्षा गेली की मी बोहल्यावर!

मंगल म्हणाली, "सोड आता चित्रं. जीवापेक्षा लय मोठी नायत ती."

मी म्हटलं, "पुढचं तुझ्या आईचं काढू."

* * *

मंगलच्या आईचा जत्रेतला एक फोटो होता. सर पुढच्या खोलीत नव्या पोरांना शिकवत असले की आम्ही मागे बसायचो. मी चौकटी बघून हळू आवाजात सांगायची, "तीन मोकळे, दोन ट, पाच क," आणि मंगल टाइप करायची. तिची बोटं म्हणजे वीज! कानावर पडलं की कागदावर उमटलंच. अर्थबिर्थ लावायच्या भानगडीत ती कधी पडायची नाही.

केस झाले, कपाळ सुरू झालं, आणि बाहेरून सर ओरडले, "कोण बडबडतंय तिकडे?"

मी सांगायची थांबले. मशीन मात्र थांबलं नाही. मंगलने ते सगळं टाइप केलं! आईच्या कपाळावर, बरोबर कुंकवाच्या खाली, "कोण बडबडतंय तिकडे". वर प्रश्नचिन्हसुद्धा दिलं!

एवढी मेहनत फुकट घालवायची नाही म्हणून चित्र पुरं केलं आणि मंगलने ते तसंच चांदवडला नेलं. आईने कोणाकडून तरी वाचून घेतलं. मंगल सांगत होती, "आई लय खूश झाली. म्हणे, जन्मभर हेच ऐकत आले. चेहरा कोणाचाबी असंल, कपाळ माझंच हाय!"

* * *

परीक्षा जवळ आली होती. माझ्या काकांना तेवढीही वाट बघवेना. त्यांनी एक स्थळ शोधलं. मुलाचे वडील म्हणाले, मुलगी खरंच क्लासला जाते की गोदाकाठी गंगेवर फिरते, ते आधी बघू. आणि आप्पांना घेऊन थेट क्लासमध्येच आले! काळी टोपी, भरघोस मिशा, हनुवटी पुढे. सरांच्या टेबलाशेजारच्या बाकावर ऐसपैस बसले.

"कर बरं काहीतरी टाइप," म्हणाले.

मला म्हैस बघायला आल्यासारखं वाटलं. पण टोपी खरोखरच काळीभोर होती. नुसते क! मिशीलाही क, गालाला र. मी कागद चढवला.

आमच्या क्लासचा नियम एकच. मान वर, नजर समोरच्या मजकुरावर. किल्ल्यांकडे नजर गेली की बोटांवर पट्टी. माझा मजकूर त्या दिवशी बाकावर बसला होता. मी त्यांच्याकडे बघत होते आणि बोटं चालत होती. टोपी झाली. कपाळ, नाक, मिशी.

पाहुणे आधी खाकरले. मग टोपी सारखी केली. मग आप्पांना म्हणाले, "अहो, ही एकसारखी माझ्याकडेच बघतेय! मुलीच्या जातीने खाली बघावं की नाही?"

आप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "रत्ना..." एवढंच म्हणाले.

सर उठले. पट्टी घेऊन माझ्या पाठीमागे येऊन उभे राहिले. माझ्या कागदावर त्यांची सावली पडली. लपवायला जागा नव्हती. हनुवटी अर्धी झाली होती. मंगलचं मशीन थांबलं. गेलं नाव, मी मनात म्हटलं, पण मान खाली घातली नाही.

सरांनी चष्मा पुसला. दोन पावलं मागे सरकले. डोळे बारीक करून कागदाकडे बघितलं, मग पाहुण्यांकडे, मग पुन्हा कागदाकडे.

"पाहुणे," सर म्हणाले, "जरा हलू नका. कान राहिलाय तुमचा."