भगताच्या दारावरचं पत्रक
चिकटवायची खळ शिजताना कणकेचा वास सुटला की मला उदगीरजवळच्या आमच्या गावातलं भगताचं दार आठवतं. दुष्काळाचं साल होतं आणि 'नवा जिल्हा झालाच पाहिजे' अशी पत्रकं मी भिंतींवर चिकटवत फिरायचो. त्यातच ताई अचानक असंबद्ध बरळू लागली. भगतानं 'बाहेरचं शिरलंय' म्हणत तिला कडुलिंबाच्या फोकांनी झोडपलं. शेवटी तिला नांदेडला नेलं, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सांगितलं, "रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये राखणीचा पडदा असतो. सुजेनं तो सैल झाला आणि शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशीच आत घुसून मेंदूवर तुटून पडल्या." कित्येक महिन्यांनी ताई सावरली. डॉक्टरीणबाईंचं ते सगळं मी पत्रकात छापलं, वर भगताचं नाव मोठ्या अक्षरांत. एरवी थेंब सांडला तरी ओरडणाऱ्या आईनं खळीसाठी टँकरचं तांब्याभर पाणी स्वतःच काढून दिलं. पहिलं पत्रक ताईनंच भगताच्या दारावर थापलं. आतून तो खेकसला, "कोन हाय रं?" ताई म्हणाली, "तुमी झोडपलेलं भूत हाय, भगतबुवा. वाचून दाखवू का?" दार उघडलं नाही. आजही गावी गेलो की आधी ते दार बघतो, आणि त्यानं पत्रक खरवडलेलं असलं की नवं चिकटवतो. ताईच्या पाठीवरचे व्रण अजून गेलेले नाहीत.