तारांतली हाळी

माझं काम घरच्यांना समजावताना माझी कायम पंचाईत होते. साताऱ्यात एका भाड्याच्या खोलीत बसून मी मोबाइलवरच्या खेळांना आवाज पुरवतो. पावलांचा, वाऱ्याचा, दाराचा, पाण्याचा. त्यासाठी ओळीच्या ओळी कोड लिहावा लागत नाही. गेम इंजिनच्या, म्हणजे खेळ बनवायच्या सॉफ्टवेअरच्या, आतच एक रिकामी पाटी उघडते, तिच्यावर चौकोनी डबे मांडायचे आणि तारांनी एकमेकांना जोडायचे. एका डब्यात आवाजाचे तुकडे असतात, दुसरा त्यातला एखादा उचलतो, तिसरा तो किंचित चढवतो किंवा उतरवतो. एवढा खटाटोप कशाला, तर तोच आवाज दोनदा जसाच्या तसा ऐकू येऊ नये. तसं झालं की ऐकणाऱ्याला लगेच खोटं वाटतं. थोरल्या भावानं ते सगळं बघितलं आणि म्हणाला, शिकून शेवटी वायरमनच झालास.

आम्ही माण तालुक्यातले मेंढपाळ. दिवाळी सरली की माझे वडील आबा, आई आणि थोरला कळप घेऊन कोरेगावच्या बाजूला उतरतात. तिथले शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेतात. वाटेनं आबा पुढं, भाऊ मागं. सगळा कळप चालतो तो आबांच्या हाळीवर. भावानं हाळी दिली तर मेंढरं मान वर करून त्याच्याकडं बघतात आणि पुन्हा चरायला लागतात. यावरून आई त्याची चेष्टा करायची, आणि तो चिडायचाही.

मग आबांचा आवाज बसला. औषधं झाली, काढे झाले, घसा सुटेना. सांगलीच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली. स्वरयंत्र काढावं लागेल, पुढं श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा, बोलणं बंद. आबांनी सगळं मान खाली घालून ऐकलं. धुळीत फिरायचं नाही, हे ऐकल्यावर मात्र त्यांनी मान वर केली.

"मी न्हाई तर मेंढरं हालत न्हाईत," ते म्हणाले.

खरंच होतं ते. रानात राहायला त्यांच्याकडं तेवढं एकच कारण होतं, आणि ते कुणालाही खोडता येत नव्हतं.

ऑपरेशनच्या आधी मी रेकॉर्डर घेऊन रानात गेलो. आवाज घोगरा झाला होता, तरी हाळी अजून निघत होती. आधी जिभेची टकटक, मग छातीतून ओढलेला लांब सूर आणि शेवटी एक आखूड झटका. मला वाटलं होतं, तासाभरात काम उरकेल. पण आबा एक हाळी द्यायचे आणि काठी उचलून चालायला लागायचे. मेंढरं त्यांच्या मागं, मी मेंढरांच्या मागं. मी वैतागून म्हणालो की नुसता आवाज पाहिजे, कुठं जायचं नाहीये.

"रिकामी हाळी देऊ नगं रं," ते म्हणाले. "हाळी दिली की चालायचं. न्हाईतर मेंढरं दुसऱ्या बारीला कशाला येत्यात?"

त्या दिवशी त्या हाळ्यांपायी आम्ही शिवार पालथं घातलं.

ऑपरेशन झालं. जखम भरल्याबरोबर आबा गळ्याला फडकं बांधून वाड्यावर, म्हणजे रानातल्या आमच्या मुक्कामावर, परतले. काठी आपटून, टाळ्या वाजवून त्यांनी कळप हलवायचा प्रयत्न केला. शिट्टीही वाजेना, कारण तोंडात हवाच येत नव्हती. मेंढरं पांगून शेजारच्या ज्वारीत शिरली आणि तो शेतकरी आईला नको नको ते बोलला. भाऊ कळप विकायची भाषा करायला लागला. आबांचा चेहरा बघवत नव्हता.

मग मी पाटीवर डबे मांडले. आबांच्या हाळ्यांचे तुकडे केले: टकटक वेगळी, सूर वेगळा, झटका वेगळा. दर वेळी नवी जुळणी व्हावी, सूर कमीजास्त लांबावा, अशा तारा जोडल्या. मेंढरं फसावीत म्हणून मी इतकं बारीक काम केलं, की तेवढं कुठल्याच खेळासाठी केलं नव्हतं. शेवटी जे तयार झालं तो म्हटलं तर खेळच होता, फक्त त्यात चित्र नव्हतं आणि एकच बटण होतं. तो फोनमध्ये भरला, फोनला गळ्यात अडकवायचा एक स्पीकर जोडला आणि कोरेगावला गेलो.

आबांनी बटण दाबलं. सगळा कळप एकदम वळला आणि धावत आला. आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. आबा लगेच चालायला लागले, मेंढरं मागं, आणि मला वाटलं, जिंकलो.

मेंढरांच्या पायांची धूळ उठली. थोडं अंतर गेल्यावर आबा खोकत खाली बसले. फडक्यावर रक्त आलं. आईनं त्यांच्या गळ्यातला स्पीकर काढला आणि भावाच्या हातात दिला.

"आवं, आता तुमी बसा," ती म्हणाली. "थोरल्यानं दाबलं तरी बी येत्यातच की."

भावानं बटण दाबलं. मेंढरं त्याच्या मागं गेली. एकानंही आबांकडं वळून बघितलं नाही. आबांनी माझ्याकडं बघितलं. आईचं बरोबरच होतं. तो फोन दगडावर आपटावा असं मात्र मनापासून वाटलं.

आता आबा दिवसभर वाड्यावर असतात, जाळीतल्या कोकरांजवळ. कळप शिवाराच्या पार पल्याड असला तरी हाळी ऐकू येते. आवाज लहान करणारा डबा पाटीवर आहे, पण आवाज लहान केला तर मागच्या मेंढरांपर्यंत पोचणार नाही. गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्यांच्याशेजारीच बसलो होतो. लांबून त्यांचीच हाळी आली. आबा उठले, काठी घेतली आणि चालायला लागले. बांधापाशी थांबले, थोडा वेळ तिकडं बघत राहिले आणि परत येऊन बसले. मी आईला विचारलं, हे असं कधीपासून. ती म्हणाली, दर हाळीला उठत्यात.