‘येते’ म्हटल्यावर

माझी लेक मुक्ता क्लासला निघाली होती. “आई, येते गं!” म्हणाली, पण दार लागल्याचा आवाज काही आला नाही. मी मिक्सर थांबवून डोकावले, तर ही सॅक पाठीला लावून, कडीवर हात ठेवून नुसती उभी.

मला तिच्या उशाशी पडलेली कादंबरी आठवली. फोनवर लाखो चाहते असलेली एक मुलगी निर्जन बेटावर एकटी अडकते. तिथे रेंज नाही, तरी ती रोज व्हिडिओ करते. “समोर फक्त खेकडे, आणि ही त्यांना सांगते, लाइक करा!” मुक्ताने हे सांगितलं तेव्हा मी खो खो हसले होते. ती हसली नव्हती. “अगं, पाणी आणायला निघताना ती रिकाम्या झोपडीकडे बघून ‘येते’ म्हणते. पुढे वाचवेना मला.”

या पोरांना प्रसिद्धीची हाव आहे, असं आपण किती सहज म्हणून टाकतो. असेलही थोडी. पण सारखा फोन बघणारी ही मुलं मला आता उंबऱ्यातच थांबलेली वाटतात, आतून कुणी काही म्हणतंय का ते ऐकत.

“काय गं, विसरलीस काही?” मी विचारलं.

“नाही. तू ‘ये’ म्हणाली नाहीस.”

“म्हणाले की! मिक्सरच्या आवाजात ऐकू गेलं नसेल.”

“मग परत म्हण.”

“ये गं बाई, सावकाश ये.”

तेव्हा कुठे दार लागलं.