साखरेच्या माथी मारलेलं मरण

शोभावहिनी गेली हे मला भावकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कळलं. रात्रभर मीच तिच्या उशाशी बसून होते, सकाळी आंघोळीपुरती ताथवड्याला घरी आले, तेवढ्यात. फुलांच्या चौकटीत तिचा फोटो आणि खाली ‘अल्पशा आजाराने’. वर्षभर बाई झिजली आणि म्हणे अल्पशा. पुढं दशक्रियेला इंद्रायणीच्या घाटावर आमच्या चुलत्यांनी माइक धरला. श्रद्धांजलीचा माइक एकदा हातात आला की आमच्याकडं कुणाला सोडवत नाही. “शुगरनं आमच्या घरची लक्ष्मी नेली,” म्हणाले. माझा भाऊ, म्हणजे तिचा नवरा, शेजारीच मान खाली घालून उभा होता. त्याला खरं माहीत होतं. वहिनी गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरनं गेली. हे मी इथं छापून सांगतेय. घरचे वाचतील... वाचू देत.

साखर होती तिला, खोटं कशाला बोलू? लेक ऋतुजा पोटात होती तेव्हापासूनची. मोशीच्या घरात सगळे कप सारखेच, म्हणून तिनं आपल्या कपाच्या कानाला नेलपॉलिशचा लाल ठिपका लावून ठेवला होता. बिनसाखरेचा तो तिचा. “वन्सं, तो उचलू नका, तोंड वाकडं होईल,” म्हणायची. चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर शिफ्ट करून यायची, आल्या आल्या सगळ्यांच्या भाकऱ्या थापायची, आणि मग कुठं तो कप घेऊन ओट्याला टेकायची.

पण साखर आहे म्हटल्यावर आमच्या घराला आयतं उत्तर सापडलं. पाय दुखले, साखर. चक्कर आली, साखर. अंगावरून पांढरं जायला लागलं, खाज सुटली, तरी साखरच. त्यावर मलम, ते संपलं की पुन्हा तेच मलम. पाळी बंद झाल्यानंतर रक्त दिसलं तेव्हा माझी आई म्हणाली, “व्हतंय असं साखरंच्या बायांना.” आईला हे कुणी शिकवलं देव जाणे. कंपनीच्या शिबिरात दर वर्षी बोटाला सुई टोचायचे, आकडा सांगायचे. बाईच्या बाकी शरीराशी त्यांना देणंघेणं नव्हतं.

एकदा अंगणवाडीत गर्भाशयाच्या मुखाची तपासणी ठेवली होती. वहिनी साडी बदलून निघाली, तर आई उंबऱ्यात आडवी बसली. “परवाच साखर तपासलीय न्हवं? मग आता कुणाफुडं उघडी पडाया निघालीस?” वहिनीनं चपला काढल्या आणि पीठ मळायला घेतलं. हे तिनंच मला नंतर सांगितलं, तेही हसत. मला नाही हसू आलं. आजही आईशी बोलताना तो उंबरा माझ्या डोक्यातून जात नाही.

शेवटी निदान झालं तेव्हा दादा आणि मी, दोघंही तिच्यासोबत होतो. डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळं होतो. तो संबंधांतून येतो, कित्येकांना येतो आणि बहुतेकांचं शरीर त्याला परतवून लावतं. साखर कायम चढलेली असली की शरीराला ते जड जातं, संसर्ग मुक्काम ठोकून बसू शकतो. साखर असलेल्या बाईनं तर ही तपासणी चुकवूच नये, आणि मुलींना या विषाणूवरची लस वेळेत द्यावी, असं त्या म्हणाल्या. यावर दादाचा पहिला प्रश्न काय, तर “हे हिला आलं कुठून?” आणि बघितलं वहिनीकडं. “तुमच्याकडूनही आलं असेल,” बाई म्हणाल्या. “वर्षानुवर्षं कळतसुद्धा नाही. यात कुणाचा दोष नसतो.”

दादाला त्यातलं ‘तुमच्याकडूनही’ तेवढंच ऐकू आलं. परतताना गाडीतच त्यानं ठरवून टाकलं, कुणी विचारलं तर शुगर सांगायचं. वहिनी मागच्या सीटवर बसली होती. तिला कुणी विचारलं नाही. उतरताना तिनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाली, “वन्सं, माझं जाऊ द्या... ऋतूला तेवढी ती लस द्या.”

तेरावं झाल्यावर मी दादाकडं विषय काढला. “लग्नाआधी पोरीला असली लस? लोक काय म्हणतील?” लोक! ज्यांना घाटावर माइकवरून खोटं ऐकवलं, तेच हे लोक. आई म्हणाली, “आता मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढतीस?” अब्रू कुणाची झाकताय, ते मला चांगलं ठाऊक आहे.

परवा मोशीला गेले. ऋतुजानं चहा आणला. बारावीतली पोर, चेहरा पार उतरलाय. माझ्यापुढं एक कप ठेवला आणि स्वतः लाल ठिपक्याचा उचलला.

“अगं, तो बिनसाखरेचा ना?”

“हो आत्या, मी साखर सोडली,” ती म्हणाली. “मम्मी शुगरनं गेली ना... मला नाही जायचं तसं.”

दादा समोरच पेपर घेऊन बसला होता. त्यानं पान उलटलं नाही, मान वर केली नाही. मी तिच्या हातातला कप घेतला, दोन चमचे साखर घातली, ढवळली आणि परत तिच्यापुढं ठेवला.

“पी,” म्हटलं. “आणि तुझी मम्मी कशानं गेली ते आता नीट ऐक.”

दादा उठायला लागला.

“तूपण बस,” मी म्हटलं.