चोवीस एकरांची फारकत

शरणम्मानं फारकत घेऊन नवऱ्याची चोवीस एकर काळी जमीन गिळली, असं निलंग्याच्या बाजारात आजही कुणीही सांगेल. सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की ती जमीन कुणाच्या सोन्यावर घेतली होती? मग त्याला एकदम घरचं काम आठवतं.

सोनं तिचं होतं. उदगीरचे अडते संगप्पा यांची ती एकुलती एक लेक. शिवलिंग तिला बघायला आला तेव्हा त्याच्याकडे वडिलांचं चाळीस एकर माळरान आणि निलंग्यातलं रिकामं दुकान होतं. सासऱ्यानं दुकान भरून दिलं. वर्षभरात शिवलिंग ‘शिवलिंगशेठ’ झाला आणि आपल्या अकलेवर मोठा झालो असं चारचौघांत सांगू लागला.

बहात्तरच्या दुष्काळात गावं खडी फोडायला गेली. लातूरच्या वेशीजवळचं चोवीस एकरांचं एक शेत मातीमोल भावानं विकायला निघालं. शिवलिंगाच्या तोंडाला पाणी सुटलं. शरणम्मानं गोठ, पाटल्या, पुतळ्यांची माळ, सगळं काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. “तुमचं न् माझं काय येगळं हाय?” असं ती म्हणाली. ते आठवलं की पुढं जन्मभर तिला स्वतःचाच संताप यायचा.

मग सीलिंग आलं. एका कुटुंबाला चौपन्न एकर कोरडवाहू जमीन ठेवता येणार, वरची सरकार घेणार. जमीनवाले वकिलांकडे धावले आणि कित्येकांना एकच औषध मिळालं. बायकोला फारकत द्या, पोटगी म्हणून जादा जमीन तिच्या नावावर करा, आणि दोघं मिळून घरी जा. फारकत झालेली बायको कुटुंबात मोजत नव्हते. शिवलिंगानंही तेच केलं, लातूरचं शेत तिच्या नावावर चढवलं. कोर्टात “मला नांदायचं न्हाई” म्हणून तिनं कागदावर सही केली. बाहेर आल्यावर त्यानं तिला गरम भजी खाऊ घातली. “कागदावरचंच हाय गं, येडे,” म्हणाला. रात्री ती नेहमीसारखी भाकरी थापायला बसली.

अशी तिनं तीन वर्षं भाकरी थापली. चौथ्या वर्षी शिवलिंगानं उमादेवीला लग्न करून घरात आणलं. वय बावीस. शरणम्मा तडक फारकत करून देणाऱ्या त्याच वकिलाकडं गेली. पहिली जिवंत असताना दुसरी आणली, याला तुरुंगात घाला, म्हणाली. वकिलानं चष्मा काढून पुसला. “बाई, तुम्ही त्यांची बायको नाही. सही तुमचीच आहे.”

ती घरी आली तेव्हा शिवलिंग आणि चौदा वर्षांचा बसवंत, तिचा पोरगा, जेवायला बसले होते.

“मी कोन हाय या घरात?” तिनं विचारलं.

“कागद बघ की,” तो घास चावत म्हणाला. “तू माझी कोन?”

बसवंतनं मान वर केली नाही. तिनं पत्र्याची पेटी उचलली आणि लातूरच्या शेतातल्या खोपीत जाऊन राहिली. शेजारचा गफूर अर्ध्या पिकाच्या बटईनं शेत करू लागला. बसवंत बापाजवळच राहिला. दुकान बापाकडं होतं ना.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. पताका लागल्या, बँड वाजले, आणि वेशीजवळच्या शेतांभोवती प्लॉटवाले घारींसारखे घिरट्या घालू लागले. आठवड्याभरात शिवलिंग नारळ, पेढे आणि खरेदीखत घेऊन खोपीच्या दारात हजर.

“ती फारकत काय खरी हुती का? सरकारला दावायला केली आपन. शेत दोघांचं हाय. कर सही.”

“हाव, करते की,” शरणम्मा म्हणाली. “आधी मठात जंगमस्वामीपुढं चला. पंचांसमोर सांगा, फारकत खोटी हाय, शरणम्मा माझी बायको हाय.”

ही बायको ठरली तर उमादेवी कोण ठरणार, आणि आपण कोणत्या तुरुंगात जाणार, हे शिवलिंगाला कळत होतं. त्यानं पेढे उचलले, नारळ उचलला आणि गेला. पेढ्यांचा पुडासुद्धा ठेवला नाही मेल्यानं!

तेव्हापासून ती जमीन गिळणारी झाली. लातूरच्या शिकल्या-सवरल्या बायांची एक संघटना मात्र हार-शाल घेऊन आली. तिनं हक्क मिळवला म्हणून सत्कार करायचा होता. “मला हक्क नको हुता, बायांनो, संसार पायजे हुता,” ती म्हणाली. “त्यो गेला, म्हनून ह्यो धरला.” बायांनी लिहून आणलेली भाषणं पर्समध्ये परत ठेवली. शाल तेवढी तिनं ठेवून घेतली, थंडीचे दिवस होते.

दोन वर्षांनी शिवलिंग छातीत कळ येऊन गेला. शेत घेतल्यावर वर्षभरात वारलेल्या त्याच्या वडिलांची समाधी त्याच शेतात होती, आणि लिंगायतांच्या रीतीनं मलाही बापाशेजारी पुरा असं तो सांगून गेला होता. सकाळीच बसवंत आला. सोबत भावकीतल्या चार बाया होत्या, शरणम्माच्या बांगड्या फोडायला. ती विधवा ठरली की फारकत खोटी ठरेल आणि शेत घराण्यात येईल, हा हिशोब त्यांच्या तोंडावर दिसत होता.

“समाधीला जागा घे,” ती पोराला म्हणाली. “बांगड्यांना हात लावू देनार न्हाई. माझी फारकत झाली हाय.”

“अव्वा, आज तरी…”

“आज तरी काय? ‘तू कोन’ म्हनले तवा तू तिथंच जेवत हुतास.”

हिरव्या बांगड्यांनिशी ती बांधावर उभी राहिली. खड्ड्याजवळ उमादेवी टाहो फोडत होती. इतकी वर्षं ज्याला जेवण वाढलं, त्याच्यासाठी शरणम्मालाही मोकळं रडायचं होतं. पण रडली तर बायको ठरत होती, आणि बायको ठरली तर शेत जात होतं. तिनं पदर तोंडात कोंबला. लोकांना तेवढंच दिसलं की ती रडली नाही.

तिसऱ्या दिवशी समाधीला लागून बसवंत दगडांची चौकट मांडताना दिसला.

“ही कुनाची जागा?” तिनं विचारलं.

“उमाअव्वाची,” तो खाली बघत म्हणाला. “पुढंमागं लागंल. आप्पाच्या शेजारी.”

शरणम्मानं एकेक दगड उचलून बांधावर टाकला. बसवंत बघत राहिला, मग निघून गेला, तो पुन्हा कधी तिच्या हातचं जेवला नाही. गफूर तिफण घेऊन आला होता. त्यानं विचारलं, “समाधीपासून कित्ता अंतर सोडू, माँ?”

“सोडू नको,” ती म्हणाली. “लावून पेर.”